आकाशांतील घड्याळें

गणेशचतुर्थीच्या आदल्या रात्रीं मुंबईहून कोंकणांत निघालेलें एक कुटुंब डोळ्यांपुढें आणा. पावसाची झड लागली आहे, काळोख दाटला आहे आणि मोटार हमरस्ता सोडून आंतल्या वाटेला लागली आहे. पूर्वीं अशा वेळीं गाडी थांबवून, कांच खालीं करून, एखाद्या दुकानाच्या फळीवर बसलेल्या माणसास गांवाची वाट विचारावी लागे. आज चालकापुढें ठेवलेला मोबाइल फोन "दोनशें मीटरांवर डावीकडे वळा" असें सांगतो आणि चालक निःशंकपणें वळतो. मागें बसलेल्या आजोबांस नवल वाटतें. ते विचारतात, "अरे, पण आपण कोठें आहोंत हें ह्या यंत्रास कळतें कसें?" नातू तत्काळ उत्तर देतो, "आजोबा, वरून उपग्रह आपल्याला पाहतो ना!"

श्रोतेहो, हें उत्तर आज पुष्कळ घरांत ऐकूं येतें, आणि तें चूक आहे. ज्या उपग्रहांच्या साहाय्यानें फोनास आपली जागा कळते ते उपग्रह आपणांस पाहत नाहींत. आपण आहोंत हेंहि त्यांस ठाऊक नसतें. ते अहोरात्र एकच काम करतात. आपण स्वतः कोठें आहोंत व आपल्या घड्याळांत किती वाजले आहेत, एवढें ते पुकारीत राहतात. फोन तें ऐकतो आणि ऐकलेल्या वेळांवरून आपली जागा स्वतःच गणितानें काढतो. ह्या क्षणीं तुम्ही माझें भाषण ऐकत आहां. परंतु कोण ऐकत आहे आणि कोठें बसून ऐकत आहे, हें मला येथें बसून कळत नाहीं. उपग्रह आणि फोन यांचा संबंध असाच वक्त्या-श्रोत्याचा आहे.

स्थळाचा प्रश्न वेळेच्या साहाय्यानें सोडवावयाचा, ही युक्ति मात्र उपग्रहांच्या फार आधींची आहे. तिचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे. आणि त्या इतिहासांत पुन्हां पुन्हां उभा राहणारा एक प्रश्नहि आपणांपुढें ठेवावयाचा आहे. तो प्रश्न असा कीं, ज्या घड्याळावर आपण विसंबतों तें घड्याळ कोणाचें?

भर समुद्रांतील खलाशास आपण किती उत्तरेस किंवा दक्षिणेस आहोंत, हें सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून काढतां येत असे. पूर्व-पश्चिमेचा प्रश्न मात्र कठीण होता. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी पुरी करते, म्हणजे एक अंश फिरण्यास तिला चार मिनिटें लागतात. मुंबईचा सूर्य कलकत्त्याच्या सूर्यापेक्षां सुमारें बासष्ट मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, याचें कारण हेंच. तेव्हां खलाशापाशीं निघालेल्या बंदराची वेळ अचूक दाखविणारें घड्याळ असेल, तर जहाजावर माध्यान्ह झाली असतां त्या घड्याळांत किती वाजले आहेत एवढें पाहून त्यास आपला रेखांश सांगतां येईल. पण डोलणाऱ्या जहाजावर, बदलत्या हवामानांत आणि खाऱ्या दमटपणांत महिनोन् महिने बिनचूक चालणारें घड्याळ त्या काळीं नव्हतें. विषुववृत्ताजवळ घड्याळ एक मिनिट चुकलें कीं जागा सुमारें अठ्ठावीस किलोमीटरांनीं चुके.

ही चूक केवळ कागदावरची नव्हती. १७०७ सालच्या ऑक्टोबरांत अॅडमिरल क्लाउड्स्ली शॉव्हेल यांचा इंग्रजी आरमारी ताफा स्वदेशीं परतत असतां आपल्या जागेविषयींचा त्याचा अंदाज चुकला, आणि सिली बेटांच्या खडकांवर आदळून चार युद्धनौका बुडाल्या. चौदाशेंहून अधिक माणसें, स्वतः अॅडमिरलसुद्धां, त्या रात्रीं प्राणांस मुकलीं. पुढें १७१४ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें कायदा करून, समुद्रावर रेखांश अर्ध्या अंशाच्या आंत अचूक काढण्याच्या उपायास वीस हजार पौंडांचें पारितोषिक जाहीर केलें. मोठमोठे ज्योतिषी चंद्र-ताऱ्यांच्या गणितांत गुंतले असतां हें काम साधलें तें जॉन हॅरिसन नांवाच्या एका सुताराच्या मुलानें, जो स्वतःहि सुतारच होता. आयुष्याचीं चाळीसाहून अधिक वर्षें त्यानें ह्या एका ध्यासांत घालविलीं. त्याचें चौथें घड्याळ १७६१ सालीं जमेकाच्या सफरीवर गेलें आणि सुमारें दोन महिन्यांच्या प्रवासानंतर केवळ पांच सेकंद मागें पडलेलें आढळलें. कोडें सुटलें तें आकाशाकडे पाहून नव्हे, तर मुठींत मावणाऱ्या एका घड्याळानें.

अशा घड्याळांस बंदरोबंदरीं ताडून पाहण्यासाठीं खात्रीची वेळ हवी. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं कुलाब्यास वेधशाळा स्थापिली, तीमागें जहाजांस वेळ पुरविणें हा एक हेतु होता. आणि वेळ म्हटली कीं ती कोणाची, हा प्रश्न आलाच. १९०६ सालीं सरकारनें साऱ्या देशास एकच प्रमाणवेळ लावली, तेव्हां मुंबईकरांनीं तिला कडाडून विरोध केला. ग्रिनिचच्या पुढें चार तास एकावन्न मिनिटें ही आपली मुंबईची वेळ. नवी वेळ तिच्याहून एकूणचाळीस मिनिटें पुढें. आमचा सूर्य सोडून सरकारचें घड्याळ कां मानावें, असा त्या वादाचा रोख होता. मुंबईच्या नगरपालिकेनें आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. आज हा वाद आपणांस मौजेचा वाटतो. परंतु त्यांतील मूळ प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हें पुढें दिसेल.

आतां आपण १९५७ सालाकडे वळूं. त्या वर्षीं ४ ऑक्टोबर रोजीं रशियानें स्पुट्निक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला. अमेरिकेंतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाच्या उपयोजित पदार्थविज्ञान प्रयोगशाळेंत विल्यम ग्वायर आणि जॉर्ज वाइफेनबाख हे दोघे तरुण शास्त्रज्ञ स्पुट्निकचा तो 'बीप बीप' आवाज ऐकत बसले. आगगाडी शिटी वाजवीत जवळ येतांना शिटीचा स्वर चढा लागतो व दूर जातांना उतरतो, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. स्पुट्निकच्या संदेशलहरींतहि असाच चढउतार होत होता, आणि केवळ त्या चढउतारावरून त्या दोघांनीं उपग्रहाची सबंध कक्षा काढून दाखविली. पुढल्या वर्षीं त्यांचे वरिष्ठ फ्रँक मक्ल्यूअर यांनीं त्यांस उलटा प्रश्न विचारला. आपली जागा ठाऊक असतां तुम्ही उपग्रहाची कक्षा काढलीत. मग उपग्रहाची कक्षा ठाऊक असेल, तर ऐकणाऱ्याची जागा काढतां येणार नाहीं काय?

ह्या उलट्या प्रश्नांतून उपग्रहांच्या साहाय्यानें मार्ग काढण्याचें शास्त्र जन्मास आलें. अमेरिकन आरमारास त्याची निकड होती, कारण समुद्राखालून अण्वस्त्रें घेऊन फिरणाऱ्या पाणबुड्यांस आपली जागा अचूक कळल्याशिवाय नेम धरतां येत नव्हता. 'ट्रँझिट' नांवाच्या योजनेचा पहिला यशस्वी उपग्रह १९६० सालीं उडाला, आणि १९६४ पासून आरमार ती पद्धति वापरूं लागलें. १९६७ सालीं ती व्यापारी जहाजांसहि खुली झाली. पण तिच्यांत मोठी उणीव होती. उपग्रह थोडे असल्यामुळें एखादा माथ्यावरून जाईपर्यंत वाट पाहावी लागे, आणि तो गेल्यावर गणित बसे. संथ चालणाऱ्या जहाजास हें चाले. तासास शेंकडों मैल जाणाऱ्या विमानास त्याचा उपयोग नव्हता.

ती उणीव भरून काढली ती पुन्हां घड्याळानेंच. १९५५ सालीं इंग्लंडांतील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरींत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनीं सीझियम धातूच्या अणूंवर चालणारें घड्याळ बनविलें. लंबक झिजतो, कमान सैल पडते; पण एका जातीचा प्रत्येक अणु जगांत कोठेंहि नेला तरी एकाच ठेक्यानें स्पंदन करतो. १९६७ सालीं तर सेकंदाची व्याख्याच सीझियमच्या ९,१९२,६३१,७७० स्पंदनांवर बसविण्यांत आली. त्याच वर्षीं अमेरिकन आरमाराच्या संशोधनशाळेंतील रॉजर ईस्टन यांनीं अचूक घड्याळ असलेला उपग्रह आकाशांत धाडून वेळेवरून अंतर मोजण्याची कल्पना पडताळून पाहिली. वायुदलाचे लोक अशाच एका योजनेवर निराळें काम करीत होते. १९७३ सालीं ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांच्या नेतृत्वाखालीं ह्या प्रयत्नांचा मेळ घालण्यांत आला, आणि 'ग्लोबल पोझिशनिंग सिस्टिम' अर्थात् जी. पी. एस. ही योजना मंजूर झाली. तिचा पहिला उपग्रह १९७८ सालीं उडाला.

ती योजना चालते कशी, तें आतां पाहूं. जमिनीपासून सुमारें वीस हजार दोनशें किलोमीटर उंचीवर, सहा निरनिराळ्या कक्षांत, निदान चोवीस उपग्रह फिरत असतात. प्रत्येकाजवळ अणुघड्याळें आहेत. समजा, एका उपग्रहानें बरोबर आठ वाजतां "आठ वाजले" असा पुकारा केला. रेडिओलहरी सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर वेगानें धांवतात. म्हणून तो पुकारा आपल्या फोनास पोंचण्यास सेकंदाचा सुमारें पंधरावा भाग, किंवा थोडा अधिक, काळ लागतो. जितका उशीर अधिक, तितका उपग्रह दूर. अशीं तीन उपग्रहांपासूनचीं अंतरें मिळालीं कीं आपली जागा निश्चित व्हावयास पाहिजे.

परंतु येथें एक अडचण आहे. सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागांत लहर तीनशें मीटर जाते. तेव्हां उशीर मोजणाऱ्या घड्याळांत तेवढीशी चूक असली तरी मोटार शेजारच्या रस्त्यावर दिसावयाची. उपग्रहावरील अणुघड्याळ फार महाग. तें प्रत्येकाच्या खिशांत कोठून येणार? फोनांतील घड्याळ तर साधेंच. ह्या पेंचांतून काढलेली वाट फार चतुर आहे. फोनाचें घड्याळ चुकलें, तर तें सर्व उपग्रहांच्या बाबतींत सारखेंच चुकणार. म्हणून फोन चौथ्या एका उपग्रहाचाहि पुकारा ऐकतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळाची चूक हीं चार अज्ञातें. त्यांस चार समीकरणें मिळालीं कीं गणित सुटलें. आपली जागा तर कळतेच, शिवाय फोनाचें स्वस्त घड्याळहि आकाशांतील महाग घड्याळांशीं आपोआप जुळतें.

आणखी एक कौतुकाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादाप्रमाणें वेगानें धांवणारें घड्याळ मंद चालतें, आणि पृथ्वीच्या आकर्षणापासून दूर असलेलें घड्याळ जलद चालतें. दोन्ही परिणाम मिळून उपग्रहावरील घड्याळ रोज सेकंदाच्या अडतीस दशलक्षांशांनीं पुढें जावयास हवें. कित्येक अभियंत्यांस ह्याची शंका होती. म्हणून १९७७ सालीं एका प्रायोगिक उपग्रहावर घड्याळाचा वेग सुधारण्याची कळ बसविली खरी, पण ती प्रारंभीं बंदच ठेविली. वीस दिवस घड्याळ निरखलें, तों तें आइन्स्टाइन यांच्या गणिताशीं शेंकडा एकाच्या आंतबाहेर जुळून पुढें गेलेलें दिसलें. मग ती कळ चालू करण्यांत आली. ही दुरुस्ती न करावी, तर अंतरांच्या मोजमापांत दिवसाकांठीं दहा किलोमीटरांहून अधिक चूक सांचत जाईल. फळ्यावरचें तत्त्वज्ञान म्हणून ज्याची थट्टा होत असे, तें अशा रीतीनें रस्त्यावरच्या वळणाच्या उपयोगीं पडलें.

ही योजना युद्धासाठीं निघाली. नागरिकांच्या वापराची तरतूद तिच्यांत मुळापासून होती. तरी तिच्याकडे जगाचें लक्ष वेधलें तें एका दुःखद घटनेनें. १ सप्टेंबर १९८३ रोजीं अँकरेजहून सेऊलकडे जाणारें कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या हद्दींत शिरलें आणि रशियन लढाऊ विमानानें तें पाडलें. २६९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. शॉव्हेलच्या ताफ्यास पावणेतीनशें वर्षें होऊन गेलीं होतीं, तरी आपण कोठें आहोंत हें नेमकें न कळल्याची किंमत अद्यापि प्राणांनींच मोजावी लागत होती. त्याच महिन्यांत अध्यक्ष रेगन यांच्या शासनानें जाहीर केलें कीं, ही पद्धति पूर्ण झाल्यावर जगांतील नागरी विमानांस ती विनामूल्य वापरतां येईल. १९९५ सालीं ती पूर्णपणें सिद्ध झाली. परंतु दान सढळ नव्हतें. नागरिकांसाठींच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळण्यांत येई, आणि त्यामुळें जागा शंभर मीटरांपर्यंत चुकूं शके. ही मिसळ अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभीं बंद झाली. त्यानंतरच मोटारींत आणि पुढें फोनांत वाट दाखविण्याची ही सोय घरगुती झाली.

आज तिचा उपयोग केवळ वाटसरूस होतो असें नाहीं. विमानें, जहाजें, आगगाड्या, रुग्णवाहिका, जमिनीची मोजणी, भूकंपामुळें भूपृष्ठाचें झालेलें सूक्ष्म सरकणें, या सर्वांस ती लागते. याहून मोठा उपयोग मात्र डोळ्यांस दिसत नाहीं, आणि तो जागेचा नसून वेळेचा आहे. दूरध्वनीचे मनोरे परस्परांशीं मेळ ठेवतात, वीजवाहिन्यांतील बिघाड कोठें झाला तें शोधलें जातें, पेढ्यांचे व शेअरबाजाराचे व्यवहार क्षणाक्षणानें नोंदले जातात. त्यांतील पुष्कळ ठिकाणीं वेळ येते ती ह्याच घड्याळांकडून. २६ जानेवारी २०१६ रोजीं एक जुना उपग्रह सेवेंतून काढतांना जी. पी. एस.च्या कांहीं उपग्रहांवरून पुकारल्या जाणाऱ्या वेळेच्या माहितींत सेकंदाच्या सुमारें तेरा दशलक्षांशांची चूक शिरली. एवढ्याशा चुकीनें निरनिराळ्या देशांतील दळणवळणाच्या यंत्रणांत धोक्याच्या सूचना वाजूं लागल्या, आणि इंग्लंडांत नव्या पद्धतीच्या नभोवाणी-प्रक्षेपणांतहि व्यत्यय आला. एका घड्याळावर किती जण विसंबून आहेत, हें त्या दिवशीं उघड झालें.

म्हणूनच 'घड्याळ कोणाचें' हा प्रश्न पुन्हां पुढें येतो. जें दुसऱ्याच्या कृपेनें मिळतें, तें संकटाच्या वेळीं मिळेलच याची हमी कोण देणार? रशियानें १९८२ पासून 'ग्लोनास'चे उपग्रह सोडण्यास प्रारंभ केला होता. युरोपच्या 'गॅलिलिओ'ची सेवा २०१६ सालीं सुरू झाली, आणि चीनची 'बैदू' पद्धति २०२० सालीं जगभर पुरी झाली. भारतानें १ जुलै २०१३ रोजीं आपल्या मालिकेंतील पहिला उपग्रह सोडला. आपला देश आणि त्याच्या सभोंवतालचा सुमारें पंधराशें किलोमीटरांचा प्रदेश यांपुरती ती आंखली होती. २०१६ सालीं सातवा उपग्रह उडाल्यावर तिला 'नाविक' हें समर्पक नांव मिळालें.

परंतु पहिल्याच उपग्रहानें धडा शिकविला. त्याच्यावर तीन अणुघड्याळें होतीं, परदेशी बनावटीचीं. २०१७ सालच्या आरंभापर्यंत तीं तिन्ही बंद पडलीं. उपग्रह आपल्या कक्षेंत शाबूत होता. पण ज्यास वेळ सांगतां येत नाहीं त्यास जागाहि सांगतां येत नाहीं, म्हणून मार्गदर्शनाच्या कामीं तो निरुपयोगी झाला. त्याच्या जागीं धाडलेला उपग्रह त्याच वर्षीं ३१ ऑगस्टला अग्निबाणाचें उष्णतारोधक आवरण न उघडल्यानें वायां गेला. त्यानंतरचा एप्रिल २०१८ मध्यें यशस्वी झाला. पुढील वर्षांत मालिकेंतील आणखीहि उपग्रहांवरील घड्याळें थांबलीं. मग अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रानें रुबिडियमचें स्वदेशी अणुघड्याळ तयार केलें, आणि २९ मे २०२३ रोजीं तें नव्या पिढीच्या पहिल्या उपग्रहावरून आकाशांत गेलें. जानेवारी २०२५ मध्यें सोडलेला त्याच्या पाठचा उपग्रह मात्र इच्छित कक्षेपर्यंत पोंचूं शकला नाहीं. हें अपयश लपविण्याचें कारण नाहीं. हॅरिसनचेंहि पहिलें घड्याळ चौथें नव्हतें.

ह्या प्रयत्नाची किंमत कोणास कळते, असें विचाराल तर किनाऱ्यावरील कोळी बांधवांकडे पाहावें. किनारा दिसेनासा झाल्यावर फोनचे मनोरेहि मागें राहतात. अशा दर्यांत वादळाची सूचना व माशांच्या थव्यांची माहिती उपग्रहावरून होडीपर्यंत पोंचविणारें 'जेमिनी' नांवाचें यंत्र भारत सरकारनें २०१९ सालीं पुढें आणलें. तें आपल्याच 'गगन' ह्या यंत्रणेच्या आधारानें चालतें. ज्याच्या डोक्यावर छप्पर म्हणून केवळ आभाळ आहे, त्यास आभाळांतील आवाज आपला असणें ही चैनीची गोष्ट नव्हे.

शेवटीं पुन्हां त्या मोटारींतील कुटुंबाकडे येऊं. उपग्रहाचा पुकारा जमिनीवर पोंचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. दाट इमारतींत वा घाटांतील बोगद्यांत तो हरवतो. युद्धक्षेत्रांच्या आसपास तो दडपून टाकतात किंवा खोटे पुकारे करून वैमानिकांस फसवितात. शिवाय उपग्रह सांगतो तें केवळ ठिकाण. वाट ही माणसांनीं आंखलेल्या नकाशांतून येते, आणि कालच्या पुरानें ओढ्यावरील साकव वाहून गेला आहे हें नकाशास ठाऊक असेलच असें नाहीं. तें दुकानाच्या फळीवर बसलेल्या माणसास ठाऊक असतें.

तेव्हां त्या नातवानें आजोबांस खरें उत्तर द्यावें, "आजोबा, आपल्याला कोणी पाहत नाहीं, आपणच वरच्या घड्याळांचे ठोके ऐकतों आहोंत." आणि आजोबांनीं त्यास दोन गोष्टी सांगाव्या. ज्या घड्याळावर घर चालतें तें शक्य तों आपलें असावें. आणि घड्याळ कितीहि चांगलें असलें, तरी अडल्या ठिकाणीं कांच खालीं करून माणसास वाट विचारण्याची लाज वाटूं देऊं नये.